तापता आर्क्टिक, गारठलेला टेक्सास

अमेरिकेत किंवा युरोपात हाडे गोठवणारी थंडी पडली की एक प्रश्न हमखास पुढे येतो: पृथ्वी तापते आहे म्हणता, मग ही थंडी आली कुठून? प्रश्न रास्त आहे. तापमानवाढ थंडी निर्माण करत नाही. पण ध्रुवाभोवती एरवी कोंडून राहणाऱ्या थंड हवेला दक्षिणेकडे वाट मिळण्यात तापत्या आर्क्टिकचा हात असू शकतो. १९७९पासून आर्क्टिक जगाच्या सरासरीच्या जवळजवळ चौपट वेगाने तापला आहे. समुद्रावरचा पांढरा बर्फ सूर्यप्रकाश परतवून लावतो. तो वितळला की खालचे काळपट पाणी उन्हाळाभर ऊब साठवते आणि पुढे हवेत सोडते. त्यामुळे ध्रुव आणि दक्षिणेकडचे प्रदेश यांच्या तापमानातला फरक घटतो. सुमारे दहा किलोमीटर उंचीवरून पूर्वेकडे धावणाऱ्या जेट प्रवाहाला बळ मिळते ते याच फरकातून. हा प्रवाह मंदावला तर त्याची वळणे मोठी होतील आणि एकाच जागी रेंगाळतील, असे हवामान-संशोधक जेनिफर फ्रान्सिस आणि स्टीफन वाव्ह्रस यांनी २०१२मध्ये मांडले.

मला याहून भक्कम वाटते ती दुसरी साखळी. रशियाच्या उत्तरेला बॅरेंट्स आणि कारा समुद्रांत बर्फ कमी असला की उरल पर्वताच्या परिसरात उच्च दाबाचे क्षेत्र ठाण मांडण्याची शक्यता वाढते. त्यातून हवेच्या प्रचंड लाटा थेट स्थितांबरापर्यंत, म्हणजे जेट प्रवाहाच्याही वरच्या थरापर्यंत, चढतात. तिथे हिवाळाभर ध्रुवाभोवती थंड वाऱ्यांचे चक्र गरगरत असते. धक्का लागलेल्या भोवऱ्यासारखे ते डगमगते, कधी लांबट ताणले जाते, आणि खालची थंडी दक्षिणेकडे ओसंडते. फेब्रुवारी २०२१मध्ये टेक्सासमध्ये उतरलेल्या थंडीचा संबंध ज्युडा कोहेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशाच ताणलेल्या चक्राशी जोडला. त्या थंडीत डॅलसमध्ये पारा उणे १९ अंशांपर्यंत गेला, ४५ लाखांहून अधिक घरांची वीज गेली आणि अधिकृत मोजणीनुसार २४६ माणसे दगावली.

यावरचे आक्षेप हलके नाहीत. डॅलसच्या परिसरात १८९९मध्ये याहून कडक थंडी पडली होती आणि तेव्हा आर्क्टिकचा बर्फ शाबूत होता. जेट प्रवाहाचा नागमोडीपणा सातत्याने वाढत चालल्याचे नंतरच्या नोंदींत दिसले नाही, असे ब्लॅकपोर्ट आणि स्क्रीन या संशोधकांनी २०२०मध्ये दाखवले. कार्यकारणभाव उलटाही असू शकतो: जे वारे सैबेरियाकडे थंडी ढकलतात तेच आर्क्टिकमध्ये ऊब नेऊन बर्फ वितळवतात. सोळा हवामान-प्रारूपांच्या एकत्र अभ्यासात पश्चिमी वारे दुबळे होण्याची दिशा स्पष्ट दिसली, पण परिणाम निसर्गाच्या नेहमीच्या चढउतारांपुढे लहान निघाला. शिवाय उत्तर गोलार्धातले सर्वांत थंड दिवसही आता पूर्वीइतके थंड राहिलेले नाहीत. हे सगळे मान्य केले की दाव्याचा आकार घटतो, मूळ मात्र उखडत नाही. उपग्रहांच्या नोंदी जेमतेम पाच दशकांच्या आहेत आणि हिवाळे मुळातच लहरी. एवढ्या गोंगाटात लहान परिणाम निसटणे स्वाभाविक आहे. म्हणून प्रत्येक शीतलाटेचे खापर आर्क्टिकवर फोडणे जितके चूक, तितकेच हा संबंध निकालात काढणेही घाईचे.

परिणाम लहान असेल तर चिंता कशाला, असे कोणी विचारील. कारण हिवाळे सरासरीने सौम्य होत चालले, की थंडीची तयारी सर्वांत आधी मागे पडते. टेक्सासमध्ये २०११च्या थंडीतही वीजकेंद्रे बंद पडली होती. यंत्रणा थंडीसाठी सज्ज करा, असे केंद्रीय चौकशी अहवालाने बजावले होते. ते सक्तीचे झाले नाही. दहा वर्षांनी वायुविहिरी, वाहिन्या आणि वीजकेंद्रे पुन्हा गोठली, आणि सक्तीचा कायदा आला तो त्यानंतर, २०२१च्या जूनमध्ये.