‘वांझ’ हा शब्द आणि संप्रेरकांचे शास्त्र



‘वांझ’ हा शब्द आपण स्त्रीला, गाईला, न फळणाऱ्या झाडाला लावतो; पुरुषाला सहसा लावीत नाही. ओटी भरण्याच्या प्रसंगी मूल नसलेल्या स्त्रीला मागे ठेवण्याची रीत आपल्या पेडणे-डिचोलीच्या गावांनीही पाहिली आहे. या शब्दातला निवाडा शास्त्राच्या कसोटीला उतरतो काय, हे पाहू.

इंग्रज शास्त्रज्ञ स्टार्लिंग यांनी १९०५ साली ‘हॉर्मोन’ हा शब्द योजिला. मूळ ग्रीक धातूचा अर्थ ‘चालना देणे’. आपला ‘संप्रेरक’ शब्दही हाच भाव सांगतो. मेंदूच्या तळाशी असलेली पीयूषिका ग्रंथी दोन संप्रेरके रक्तात सोडते. पहिल्यामुळे अंडाशयातील बीजपुटक वाढते. वाढत्या पुटकातून इस्ट्रोजेन स्रवते. ते पुरेसे झाले, की दुसऱ्या संप्रेरकाची लाट उसळते आणि सुमारे दीड दिवसाने स्त्रीबीज सुटते. रिते झालेले पुटक मग प्रोजेस्टेरॉन स्रवून गर्भाशयाचे अस्तर गर्भासाठी सिद्ध करते.

निरोपांची ही साखळी कोठेही तुटली, तरी बीज सुटेनासे होते. थायरॉइड मंदावते, प्रोलॅक्टिन वाढते किंवा शरीर अतिशय कृश होते. सर्वांत अधिक आढळतो तो पीसीओएस हा विकार. त्यात पुरुषी संप्रेरके, आणि बहुधा इन्सुलिनही, प्रमाणाबाहेर वाढतात व पुटकांची वाढ अर्ध्यावर थांबते. पाळी वारंवार लांबणे ही याची ठळक खूण होय.

उपचार म्हटले, की लोकांना ‘टेस्ट ट्यूब बेबी’ आठवते. मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजा यांच्या प्रयत्नांनी ६ ऑगस्ट १९८६ रोजी असे बालक जन्मले. परंतु केवळ बीज न सुटण्याच्या दोषात बहुधा तितके दूर जावे लागत नाही. थायरॉइडची गोळी, प्रोलॅक्टिन उतरविणारे औषध, वाढलेल्या वजनात थोडी घट किंवा बीज सुटण्यास चालना देणाऱ्या गोळ्या यांनी पुष्कळ जणींना गुण येतो.

शिवाय, मूल न होणाऱ्या जवळजवळ निम्म्या दांपत्यांत पुरुषाकडील कारणही असते. म्हणून देवीपुढे गाऱ्हाणे अवश्य घालावे. परंतु वर्षभर वाट पाहून, आणि पत्नीचे वय पस्तिशीपलीकडे असल्यास सहा महिन्यांनीच, पतिपत्नी दोघांनी डॉक्टरांकडे जावे. पाळी अनियमित असेल, तर तेवढेही थांबू नये. साखळीतील एका तुटलेल्या कडीसाठी स्त्रीच्या जन्मावर शिक्का मारण्याचा अधिकार कोणालाही नाही.