थीसियसचं जहाज : सगळं बदललं तरी तेच का?

तुमची जुनी सायकल आठवा. आधी टायर बदलले, मग चेन, सीट, शेवटी फ्रेमसुद्धा. तरी आपण तिला 'माझी जुनी सायकल'च म्हणतो. का बरं?

ग्रीक लेखक प्लुटार्क सांगतो, की थीसियसचं जहाज जपण्यासाठी अथेन्सकर कुजलेल्या फळ्या काढून नव्या बसवत गेले. मग जहाज तेच राहिलं का? १७ व्या शतकात थॉमस हॉब्जने पेच वाढवला : काढलेल्या जुन्या फळ्या जोडून कुणी दुसरं जहाज बांधलं, तर खरं कोणतं?

आनंद गांधी यांच्या 'शिप ऑफ थीसियस' (२०१३) या चित्रपटात फळ्यांच्या जागी माणसाचे अवयव येतात. दृष्टी नसलेल्या छायाचित्रकार आलियाला डोळे मिळतात, पण फोटो पूर्वीसारखे जमत नाहीत. साधू मैत्रेय प्राण्यांवर चाचणी झालेली औषधं नाकारतो. यकृत निकामी होऊ लागल्यावर त्याने तत्त्व सोडावं की जीव? शेअर दलाल नवीन नवं मूत्रपिंड मिळाल्यावर, मूत्रपिंड चोरीला गेलेल्या एका मजुरासाठी धडपडू लागतो.

नीट बघा. आलियाचे फक्त डोळे बदलले, पण तिची कला हलली. मैत्रेयला तर शरीरापेक्षा तत्त्व बदलण्याची भीती. म्हणजे आपली ओळख नुसत्या 'फळ्यांत' नाही. ती आपल्या सवयींत आणि निर्णयांतही आहे.

शेवटी कळतं, की तिघांनाही अवयव देणारी व्यक्ती एकच होती. मग तिचं जहाज बुडालं, की अजून चालूच आहे? अवयवदानाचा विचार करताना हा प्रश्न स्वतःला जरूर विचारा.