शेवटच्या खांबावरचीच मोटार का जळते?

रब्बीत लाइट आली, की डीपीवरचे सगळे ऑटो स्विच एकदम पंप सुरू करतात. डीपीतून साधारण ४१५ व्होल्टने निघालेले व्होल्टेज लांबलचक तारेत घटत जाते. शेवटच्या खांबावर ते इतके पडते, की तेवढेच पाणी उपसायला मोटार जादा करंट ओढते, तापते, वाइंडिंग जळते. वर त्या करंटमुळे शेजाऱ्याचेही व्होल्टेज पडते.

मोटारीच्या चुंबकीय क्षेत्राला लागणारा करंट कपॅसिटर विहिरीपाशीच पुरवतो आणि तारेवरचा भार हलका होतो. पण एकट्याने बसवून फारसा फरक पडत नाही, डीपीवरच्या सगळ्यांनी बसवायला हवा.

एचव्हीडीएस योजनेत ११ हजार व्होल्टची लाइनच शेतापर्यंत येते, एक-दोन पंपांना स्वतंत्र छोटी डीपी मिळते. काम खर्चिक आहे. तोवर ऑटो स्विच काढून पंप आळीपाळीने सुरू करता येतात.