आमिषापासून रिळापर्यंत : कास्टिंग जोडीची पारख

गळाने मासे धरण्याचे साहित्य विकत घेताना बहुतेक ग्राहक प्रथम रॉडची लांबी पाहतात, मग रिळाची किंमत विचारतात आणि दुकानातून निघता निघता दोरा व आमिष उचलतात. वस्तुतः हा क्रम नेमका उलटा असायला हवा. कोणत्या पाण्यात, कोणत्या माशासाठी आणि किती वजनाचे आमिष फेकायचे आहे हे ठरले की दोऱ्याची ताकद ठरते, दोऱ्यावरून रॉड ठरतो आणि रॉडवरून रीळ. बाजारात ‘कॉम्बो’ या नावाने मिळणारी रॉड व रिळाची तयार जोडी चांगली की वाईट, हेदेखील या साखळीच्या आधारेच तपासता येते. कोकणातील खाड्यांमध्ये कांदळवनाच्या कडेने मिळणारा जिताडा, ज्याला गोव्यात चोणक म्हणतात, तो या तपासणीसाठी उत्तम उदाहरण ठरतो; कारण तो बळकट असतो, झुडपांच्या मुळांचा आसरा घेतो आणि त्याच्या कल्ल्यावरील झाकणाची धार दोरा कापू शकते.

फिरती फिरकी आणि तिचे शास्त्र

रिळाचे दोन प्रमुख प्रकार आहेत. ‘स्पिनिंग’ रीळ रॉडच्या खाली लटकते, आमिष फेकताना त्यातील दोरा गुंडाळलेला भाग, म्हणजे स्पूल, स्थिर राहतो आणि दोरा त्याच्या कडेवरून वेटोळ्यांनी निसटतो. ‘कास्टिंग’ रीळ मात्र रॉडच्या वर बसते आणि त्यातील स्पूल पतंगाच्या फिरकीप्रमाणे स्वतः फिरून दोरा सोडतो. त्यामुळे कास्टिंग रॉडवरील दोऱ्याच्या कड्याही वरच्या बाजूस असतात आणि मुठीखाली तर्जनी अडकवण्यासाठी बंदुकीच्या चापासारखा उंचवटा असतो.

या रिळाचा इतिहास घड्याळांच्या कारखानदारीशी वारंवार जोडला गेलेला दिसतो. मासे धरण्याच्या काठीवरील चाकाचे सर्वांत जुने ज्ञात चित्र चीनमधील मा युआन या चित्रकाराने 1195च्या सुमारास काढले असले, तरी रीळ फिरवायच्या हँडलच्या, म्हणजे दट्ट्याच्या, एका फेऱ्यात स्पूलचे अनेक फेरे देणारे दंतचक्रांचे रीळ एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेतील केंटकी प्रांतात जॉर्ज स्नायडर या घड्याळजीने घडवले. दोरा स्पूलवर एकसारखा पसरवणारी ‘लेव्हल वाइंड’ रचना विल्यम शेक्सपिअर (धाकटे) यांनी मिशिगनमधील कालामाझू येथे 1890च्या दशकात विकसित केली. स्वीडनमधील स्वेंग्स्टा येथील आबू या कंपनीचा आरंभ 1921मध्ये घड्याळांनी झाला. पुढे टॅक्सीचे मीटर बनवता बनवता ती दुसऱ्या महायुद्धाच्या काळात रिळांकडे वळली आणि 1952पासून तिचे ‘अँबॅसॅडर’ रीळ या प्रकाराचा मानदंड ठरले.

कास्टिंग रिळाचे बळ आणि त्याची खोड या दोन्ही गोष्टी फिरत्या स्पूलमधूनच येतात. आमिष हातातून सुटते त्या क्षणी त्याचा वेग सर्वाधिक असतो आणि ते स्पूलला आपल्याबरोबर खेचून फिरवते. पुढे हवेच्या विरोधाने आमिष मंदावते, पण स्पूल जडत्वामुळे त्याच गतीने फिरत राहतो, परिणामी दोरा गरजेपेक्षा जास्त सुटून रिळावरच त्याचा गुंता होतो. या गुंत्यास ‘बॅकलॅश’ म्हणतात. आमिष फार हलके असेल तर ते स्पूलला पुरेशी गती देऊच शकत नाही, म्हणून सर्वसाधारण कास्टिंग जोडीसाठी सुमारे 7 ते 10 ग्रॅम ही खालची मर्यादा मानली जाते. त्याहून हलक्या आमिषांसाठी उथळ व अतिशय हलक्या स्पूलची खास रिळे मिळतात, अन्यथा स्पिनिंग रीळ अधिक सोयीचे ठरते.

गुंता टाळण्यासाठी रिळात ब्रेक असतो. अपकेंद्री ब्रेकमध्ये स्पूल वेगाने फिरू लागला की छोटे ठोकळे बाहेर सरकून कड्यावर घासतात. चुंबकीय ब्रेकमध्ये स्पूलच्या धातूत निर्माण होणारे भोवरी विद्युतप्रवाह स्पर्शाविनाच गती रोखतात. आणि काही महागड्या रिळांत ही रोखण्याची मात्रा सूक्ष्म संगणकीय चकती ठरवते. यांखेरीज दट्ट्याच्या बाजूस स्पूलचा आस दाबणारी एक घुंडी असते, आणि आमिष बदलले की ती नव्याने जुळवावी लागते: रॉड आडवा धरून अंगठ्याने स्पूल मोकळा करणारी कळपट्टी दाबावी, आमिष आपल्या भाराने सावकाश खाली उतरावे, आणि ते जमिनीला टेकताच स्पूल थांबावा. तो थांबला नाही तर घुंडी किंचित आवळावी, आमिष खालीच येईना तर सैल करावी. मात्र शेवटचा ब्रेक अंगठाच असतो, आणि आमिष पाण्याला टेकण्याआधी स्पूलवर अंगठा टेकवण्याची सवय कोणतेही यंत्र लावून देत नाही.

रॉडवरील अक्षरे

रॉडच्या दांड्यावर मुठीजवळ छापलेली ओळ ही खरेदीतील सर्वांत उपयुक्त माहिती असते. ‘7 फूट, मीडियम हेवी, फास्ट, दोरा 12 ते 20 पौंड, आमिष 3/8 ते 1 औंस’ अशा ओळीचा अर्थ असा, की रॉड सुमारे 213 सेंटिमीटर लांब आहे, साधारण 5.5 ते 9 किलो ताणावर तुटणाऱ्या नायलॉन दोऱ्यासाठी तो योजलेला आहे आणि सुमारे 10 ते 28 ग्रॅम वजनाची आमिषे त्याने नीट फेकली जातात. यातील ‘मीडियम हेवी’ ही पॉवर, म्हणजे रॉड वाकवण्यास किती जोर लागतो याची प्रतवारी. तर ‘फास्ट’ ही ॲक्शन, म्हणजे रॉड कोठून वाकतो याची खूण. फास्ट रॉड मुख्यतः टोकाकडे वाकतो व एका गळाचे रबरी आमिष माशाच्या टणक जबड्यात झटकन रुतवतो. ‘मॉडरेट’ रॉड मध्यापर्यंत वाकतो व तीनटोकी गळ लावलेल्या आमिषांना अधिक मानवतो, कारण त्याच्या लवचिकतेमुळे लहान गळ माशाच्या तोंडातून उपटून येत नाहीत. पॉवरची प्रतवारी सर्व कंपन्यांत सारखी नसते, म्हणून ‘हेवी’ या शब्दापेक्षा शेजारच्या वजनाच्या आकड्यांवर अधिक विश्वास ठेवावा.

बांबूची जागा दुसऱ्या महायुद्धानंतर काचतंतूने आणि 1970च्या दशकापासून कार्बनतंतूने घेतली. कार्बनचा रॉड हलका व संवेदनशील असतो, पण दगडावर आपटून आलेल्या लहानशा खाचेतूनही तो मोडतो. काचतंतूचा जड असला तरी आडदांड हाताळणी सोसतो. कार्बनमधून वीज वाहते, त्यामुळे पावसाळ्याच्या तोंडावर आभाळ गडगडू लागले किंवा खाडीवरून विजेच्या तारा जात असल्या, तर असा रॉड उभारणे जीवघेणे ठरू शकते. लोकलने वा एसटीने प्रवास करणाऱ्यास दोन तुकड्यांचा रॉड सोयीचा; तो घेताना जोड घट्ट बसतो का आणि कड्यांमधील चिनीमातीच्या रिंगांना तडा नाही ना, हे हाताने पाहावे.

रिळाचे आकडे आणि दोरा

रिळावरील 6.3:1 असा आकडा म्हणजे दट्ट्याच्या एका फेऱ्यात स्पूलचे 6.3 फेरे. पूर्ण भरलेल्या स्पूलचा व्यास 34 मिलिमीटर असेल, तर परीघ सुमारे 10.7 सेंटिमीटर होतो आणि एका फेऱ्यात सुमारे 67 सेंटिमीटर दोरा परत येतो. हेच प्रमाण 8.1:1 असल्यास सुमारे 87 सेंटिमीटर. वेगवान रीळ ढिला दोरा झटपट आवळते, पण पाण्याचा विरोध जास्त असलेली आमिषे ओढताना मनगट थकवते. खाडीतील मिश्र वापरासाठी 6.3 ते 7.1 हा पल्ला पुरतो.

दट्ट्याची बाजू हा मुद्दा दुकानात हमखास निसटतो. स्पिनिंग रिळाचा दट्ट्या बहुधा काढून दुसऱ्या बाजूस लावता येतो. कास्टिंग रिळाचा तसा लावता येत नाही, त्यामुळे डावे की उजवे हे खरेदीच्या वेळीच ठरवावे लागते.

ड्रॅग म्हणजे ठरावीक ताणापलीकडे दोरा सोडणारी, घर्षणाच्या चकत्यांची रचना. तिची कमाल क्षमता जाहिरातीत ठळक छापलेली असते, पण सुरळीतपणा अधिक महत्त्वाचा: दोरा हाताने ओढला असता तो धक्के न देता सुटावा. सर्वसाधारण नियमानुसार ड्रॅग जोडीतील सर्वांत कमकुवत घटकाच्या ताकदीच्या चौथा ते तिसरा हिस्सा ठेवतात; वरील रॉडच्या 9 किलो मर्यादेचा विचार करता तो सुमारे 2.25 ते 3 किलो होतो आणि साध्या स्प्रिंगच्या काट्याने मोजता येतो.

दोऱ्याचे तीन प्रकार आहेत. किनाऱ्यावर तंगूस म्हणून ओळखला जाणारा नायलॉन स्वस्त व ताणला जाणारा असतो. फ्लुरोकार्बन पाण्यात बुडतो व घासण्यास टिकतो. विणलेला ‘ब्रेड’ जवळजवळ ताणला जात नाही आणि त्याच ताकदीच्या तंगुसापेक्षा बराच बारीक असतो. म्हणूनच जिताड्यासाठी 30 पौंडी ब्रेड आणि त्याच्या टोकाला 40 पौंडी फ्लुरोकार्बनचा वाव-दीड वावाचा तुकडा, म्हणजे लीडर, ही जुळणी रूढ आहे; कल्ल्याची धार व कांदळवनाची मुळे तो लीडर सोसतो. ब्रेड गुळगुळीत स्पूलवर घसरतो, म्हणून तळाशी काही मीटर तंगूस आधी गुंडाळावा.

तयार जोडी केव्हा घ्यावी

नवख्यासाठी तयार कॉम्बोचा फायदा खरा आहे: दोन्ही वस्तू स्वतंत्र घेण्यापेक्षा तो स्वस्त पडतो आणि वजनाचा मेळ उत्पादकाने घातलेला असतो. तरी काही गोष्टी तपासून घ्याव्यात. रीळ रॉडवर बसवून मुठीपुढे एका बोटावर तोलले असता टोक झपकन खाली झुकू नये, कारण तसा रॉड दिवसभर मनगट ओढत राहतो. सोबत आलेला दोरा अनेकदा जाड व हलक्या प्रतीचा असतो. तो बदलण्याचा खर्च किमतीत धरावा. खाऱ्या पाण्यासाठी रीळ योग्य असल्याचे उत्पादकाने स्पष्ट म्हटलेले असावे, आणि तसे असले तरी प्रत्येक वापरानंतर ते गोड्या पाण्याच्या हलक्या धारेखाली धुऊन, सावलीत वाळवून, ड्रॅग सैल सोडून ठेवावे. जोराचा फवारा मीठ आतल्या बेअरिंगांत ढकलतो.

जोडी जुळलेली असण्याचा लाभ केवळ मासेमारी करणाऱ्यास होतो असे नाही. जिताडा नर म्हणून प्रौढ होतो आणि पुढे वाढत्या वयात मादी बनतो, त्यामुळे मोठे मासे प्रायः अंडी देणाऱ्या माद्या असतात आणि त्या पाण्यात परत सोडणे हे खाडीच्या हिताचे असते. कमकुवत रॉड, अडखळणारा ड्रॅग आणि बेताचा दोरा घेऊन अशा माशाशी दीर्घकाळ झुंजल्यास तो इतका दमतो, की सोडल्यावरही त्याचे वाचणे अवघड होते. योग्य ताकदीची जोडी त्याला लवकर जवळ आणते आणि जिवंत परत जाऊ देते. रॉड-रिळाच्या निवडीत किंमत आणि देखणेपणा यांच्या आधी वजनांचा हिशेब मांडण्याचे हेही एक भक्कम कारण आहे.