विश्लेषण : ‘रिकॉल’ केलेला माल दुकानाच्या फळीवरून उचलतो कोण?

कंपनीने सदोष उत्पादन बाजारातून परत मागवल्याची बातमी येते आणि ग्राहक निर्धास्त होतो. पण बातमी आली म्हणून दुकानातला डबा आपोआप हटत नाही. तो हटला की नाही, हे पाहण्याचे काम अमेरिकेत काही वेळा ना कंपनीचा कर्मचारी करतो, ना सरकारी निरीक्षक. ते करतो एका दुकानामागे ठरावीक पैसे घेणारा ‘स्वतंत्र कंत्राटदार’. हे काम कसे चालते आणि त्याच्या मोबदल्याचा ग्राहकाच्या सुरक्षेशी काय संबंध आहे?

रिकॉलनंतरही माल फळीवर कसा राहतो?

२०२३ मध्ये नॉर्थ कॅरोलिना राज्यात काही लहान मुलांच्या रक्तात शिशाचे प्रमाण वाढलेले आढळले. तपासात ‘वानाबाना’ या ब्रँडचे, दालचिनी घातलेल्या सफरचंदाच्या गराचे पाऊच समोर आले. ऑक्टोबरअखेरीस ते परत मागवण्यात आले. मात्र डिसेंबरमध्येही ‘डॉलर ट्री’ या साखळीच्या काही दुकानांत हे पाऊच विक्रीला होते. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने (एफडीए) जून २०२४ मध्ये या साखळीला इशारापत्र पाठवले. रिकॉल जाहीर होणे आणि फळी रिकामी होणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे या प्रकरणाने दाखवून दिले.

बिलिंग काउंटरवर विक्री रोखता येत नाही का?

येते, पण अर्धवट. पाकिटावरच्या नेहमीच्या १२ अंकी बारकोडमध्ये कंपनी आणि उत्पादन यांची ओळख असते, बॅच क्रमांक नसतो. त्यामुळे बारकोड बंद केला तर चांगल्या बॅचचा मालही अडतो. सुरू ठेवला तर सदोष बॅच विकली जाऊ शकते. बॅच आणि मुदतीची तारीख सामावणारे नवे द्विमितीय कोड २०२७ अखेरपर्यंत काउंटरवर वाचता यावेत, असे उद्योगाचे उद्दिष्ट आहे. तोपर्यंत पाकीट हातात घेऊन, उलटून, छापलेला क्रमांक डोळ्यांनी वाचणे हाच मार्ग उरतो.

तपासणीची जबाबदारी कोणाची?

प्रामुख्याने माल परत मागवणाऱ्या कंपनीची. एफडीएच्या नियमावलीत या पडताळणीचे पाच स्तर आहेत. ‘अ’ स्तरात माल गेलेल्या सर्व, म्हणजे १०० टक्के ठिकाणांशी संपर्क साधावा लागतो. ‘ब’मध्ये १० टक्क्यांहून अधिक पण १०० टक्क्यांहून कमी, ‘क’मध्ये १० टक्के, ‘ड’मध्ये २ टक्के, तर ‘इ’ स्तरात पडताळणीच नसते. ती फोन, पत्र किंवा प्रत्यक्ष भेटीतून करता येते. काही दिवसांत देशभरातील हजारो दुकानांना भेटी द्यायच्या तर तेवढी माणसे कोणत्याही कंपनीकडे नसतात. मग हे काम मध्यस्थ संस्थांकडे आणि त्यांच्याकडून कंत्राटदारांकडे जाते.

कंत्राटदार नेमके काय करतो?

त्याला ॲपवर किंवा ईमेलवर दुकानांची यादी, उत्पादनाचे छायाचित्र आणि बॅच क्रमांक मिळतात. दुकानात गेल्यावर व्यवस्थापकाला भेटायचे, मुख्य फळी पाहायची, मग सवलतीच्या मालाचा कोपरा, ग्राहकांनी परत केलेल्या वस्तूंची ट्रॉली आणि मागचे गोदाम तपासायचे. माल सापडला तर मोजायचा, बाजूला काढायचा, फोटो घ्यायचा, सही घेऊन अहवाल पाठवायचा. व्यवस्थापकाने सहकार्य केले नाही तर वेळ वाढतो.

हिशेब कसा बसतो?

उदाहरणादाखल समजा, एका दुकानाचे १५ डॉलर मिळतात. चार दुकानांचे ६० डॉलर झाले. त्यासाठी ५० मैल गाडी चालवली. अमेरिकी करविभागाच्या २०२५ च्या मैलामागे ७० सेंट या दराने तो खर्च ३५ डॉलर. उरले २५ डॉलर. प्रवासासह चार तास गेले असतील तर तासाला सव्वासहा डॉलर पडले. केंद्रीय किमान वेतन तासाला ७.२५ डॉलर आहे. पण ते ‘कर्मचाऱ्या’ला लागू होते, स्वतंत्र कंत्राटदाराला नाही. जादा कामाचा वाढीव दरही त्याला नाही. सामाजिक सुरक्षा व आरोग्यविम्याचा १५.३ टक्के कर कर्मचारी आणि मालक निम्मा-निम्मा भरतात. कंत्राटदार तो पूर्ण भरतो.

यातली खरी मेख पुढे आहे. दुकानामागे ठरावीक मोबदला असेल, तर काही न सापडलेले दुकान दहा मिनिटांत उरकते आणि चाळीस डबे सापडलेले दुकान तासभर घेते. पैसे मात्र तेवढेच. म्हणजे नीट शोधणाऱ्याचा तोटा होतो. बहुतेक जण प्रामाणिकपणे काम करत असतीलही, पण ही रचना त्यांना घाई करायलाच लावते.

कायदा काय सांगतो?

कंत्राटदार खरोखर स्वतंत्र आहे का, हे ठरवण्यासाठी अमेरिकी कामगार विभागाने २०२४ मध्ये सहा निकषांचा नियम लागू केला. मे २०२५ मध्ये विभागाने आपल्या तपासात तो वापरणार नसल्याचे जाहीर केले. कॅलिफोर्नियात २०२० पासून नियम कडक आहे. तेथे काम देणाऱ्यालाच सिद्ध करावे लागते की, व्यक्ती आपल्या नियंत्रणाखाली नाही, ते काम आपल्या नेहमीच्या व्यवसायाचा भाग नाही आणि तिचा स्वतःचा स्वतंत्र व्यवसाय आहे.

आपल्याकडे काय स्थिती?

जून २०१५ मध्ये ‘मॅगी’ परत मागवली गेली, तेव्हा देशभरातून २७ हजार टनांहून अधिक माल गोळा करण्याचे आव्हान होते. त्याच वर्षी १३ ऑगस्टला मुंबई उच्च न्यायालयाने बंदी रद्द केली. अन्नपदार्थ परत मागवण्याची स्वतंत्र नियमावली २०१७ मध्ये आली. गिग कामगारांची व्याख्या करणारी सामाजिक सुरक्षा संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली आहे. मात्र आपल्याकडे बराचसा माल किराणा दुकानांतून विकला जातो. तिथली प्रत्येक फळी पाहायची तर पुन्हा माणूसच लागणार.

त्यामुळे रिकॉलची बातमी वाचल्यावर ग्राहकाने स्वतः पाकिटावरचा बॅच क्रमांक पाहणे शहाणपणाचे. आणि यंत्रणेने ‘किती दुकाने तपासली’ याबरोबरच ‘तपासणाऱ्याला नीट तपासणे परवडते का’ हेही विचारायला हवे.