केरीला सर्फिंगला जाताय? लाटेआधी वारा आणि ओहोटी बघा

बेळगावहून चोर्ला घाट उतरला की सत्तरीतले केरी लागते. सर्फिंगचे केरी ते नव्हे. ते पेडण्यात, तेरेखोल नदीच्या मुखाशी. हा किनारा कळंगुट-बागासारखा गजबजलेला नाही. त्यामुळे काही चुकले तर मदतीला येणारेही कमीच. म्हणून निघण्याआधी तीन गोष्टी बघून ठेवाव्यात.

वारा : नोव्हेंबर ते फेब्रुवारीत पहाटे जमिनीकडून मतलई वारा वाहतो. पाणी गुळगुळीत असते, लाट नीट उभी राहते. दुपारी खारे वारे सुटले की लाटांचा नुसता गोंधळ. तेव्हा आदल्या रात्रीच पोहोचा आणि उजाडल्यावर पाण्यात उतरा.

लाट : ॲपवर नुसती उंची बघू नका, दोन लाटांमधले सेकंदही बघा. तेवढ्याच उंचीची १४ सेकंदांची लाट ७ सेकंदांच्या लाटेपेक्षा जोरात फुटते.

भरती-ओहोटी : ही वेळ रोज साधारण ५० मिनिटांनी पुढे सरकते, मागच्या रविवारचा हिशेब चालत नाही. ओहोटीला नदीचे पाणी मुखातून समुद्राकडे ओढते, अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास जास्तच. मुखापासून लांब, दक्षिणेला उतरलेले बरे.

फुटणाऱ्या लाटांमधला शांत पट्टा सोपा वाटतो, पण बरेचदा पाणी तिथूनच आत खेचते. ओढ लागलीच तर बोर्ड सोडू नका. उलट झुंजण्यापेक्षा किनाऱ्याला समांतर सरका, मग बाहेर या.

एकट्याने उतरू नये. आणि पावसाळ्यात? बोर्ड घरीच राहू दे.