मंगळाची बातमी आणि चांदची शहादत

‘मंगळावर जीव सापडला!’ अशी बातमी अधूनमधून मोबाइलवर फिरते. वसई-विरारच्या घरांत तिच्यावर दोन प्रश्न हमखास निघतात. मुले विचारतात, “खरंच सापडला का?” मोठी माणसे म्हणतात, “इथे आम्ही टँकरची वाट पाहतोय आणि तिकडे मंगळावर पैसा उधळताहेत, कशासाठी?” आम्हाला दोन्ही प्रश्न रास्त वाटतात.

पहिल्या प्रश्नाची रीत आपल्या घरात आधीपासूनच आहे. रमजानच्या 29 तारखेला कोणी म्हणाले, “चांद दिसला,” तर लगेच ईद जाहीर होत नाही. हिलाल कमिटी विचारते : कोणी पाहिला? कुठून? आकाश स्वच्छ होते का? आणखी कोणी पाहिला? सांगणाऱ्याला कोणी खोटा ठरवत नाही, पण शहादत पक्की होईपर्यंत एलानही होत नाही.

मंगळाच्या बातमीलाही हेच प्रश्न लावायचे. मंगळावरून उडालेले काही दगड पृथ्वीवर येऊन पडतात. 25 ऑगस्ट 1865 रोजी बिहारमधल्या शेरघाटीला पडलेला दगड अशांपैकीच. असाच एक दगड 1984 साली अंटार्क्टिकाच्या बर्फात मिळाला. ऑगस्ट 1996 मध्ये नासाच्या शास्त्रज्ञांनी सांगितले, की या दगडात अतिसूक्ष्म जीवांच्या खुणा असाव्यात. जगभर गाजावाजा झाला, अमेरिकेचे अध्यक्ष क्लिंटन त्यावर बोलले. मग इतर शास्त्रज्ञांनी एकेक खूण तपासली. तशी खूण जीवाशिवायही तयार होऊ शकते, असे दिसत गेले. आज बहुतेक शास्त्रज्ञ तो दावा मान्य करत नाहीत.

असा दावा आपल्या महाराष्ट्रातही तपासला गेला आहे. जीवाचे बीज अंतराळातून येत असावे का, हा प्रश्न डॉ. जयंत नारळीकरांनी नुसता मांडला नाही, तो तपासायला घेतला. 2001 आणि 2005 साली हैदराबादहून मोठे बलून सोडून 41 किलोमीटर उंचीपर्यंतची हवा निर्जंतुक नळकांड्यांत भरून आणली. हैदराबाद आणि पुण्याच्या प्रयोगशाळांनी दुसऱ्या खेपेचे नमुने वेगवेगळे तपासले. 2009 साली इस्रोने जाहीर केले, की त्यात जिवाणूंच्या तीन नव्या जाती मिळाल्या. मात्र त्या पृथ्वीबाहेरच्या आहेत असे यातून निश्चित सिद्ध होत नाही, हेही त्याच निवेदनात सांगितले. नवे मिळाले ते सांगितले, सिद्ध झाले नाही तेही सांगितले. मुलांना विज्ञान शिकवताना आम्हाला हेच शिकवावेसे वाटते.

आता पैशाचा प्रश्न. सप्टेंबर 2025 मध्ये नासाने मंगळावरच्या एका खडकाविषयी सांगितले. त्यावर बिबट्याच्या कातडीसारखे ठिपके आहेत. तसे ठिपके जंतूंमुळे होऊ शकतात आणि जंतूंशिवायही. खडकाचा नमुना यानाने नळीत भरून ठेवला आहे, पण नळी अजून मंगळावरच आहे. असे नमुने पृथ्वीवर आणण्याचा खर्च 11 अब्ज डॉलरपर्यंत जाईल असा अंदाज आला, तेव्हा एवढा खर्च परवडणार नाही असे खुद्द नासाने 2024 साली म्हटले. म्हणजे “कशासाठी?” हा सवाल श्रीमंत देशालाही चुकलेला नाही.

आपल्या मंगलयानाचा खर्च 450 कोटी रुपये होता. 5 नोव्हेंबर 2013 रोजी ते श्रीहरिकोट्याहून सुटले आणि 24 सप्टेंबर 2014 रोजी मंगळाच्या कक्षेत पोहोचले. सहा महिन्यांसाठी पाठवलेले यान 2022 पर्यंत संपर्कात राहिले. जीव शोधणे हे त्याचे मुख्य काम नव्हते. एवढ्या लांब यान नेता येते का, हे आजमावायचे होते. 2011 च्या जनगणनेतल्या 121 कोटी लोकांत तो खर्च वाटला, तर माणशी चार रुपयेही होत नाहीत. पण ते प्रत्येकाचे आहेत, म्हणून विचारण्याचा हक्कही प्रत्येकाचा आहे.

मात्र हिशेब पुरा मांडावा. अर्नाळ्याच्या कोळी बांधवांना मासळीचा अंदाज आणि वादळाचा इशारा मिळतो, त्यात उपग्रहांचा मोठा वाटा आहे. पण ते पृथ्वीभोवती फिरणारे उपग्रह आहेत. त्यांचा फायदा मंगळाच्या खात्यावर लिहू नये. तसेच मंगलयान गेले नसते तर आपल्या नळाला पाणी आले असते, असेही म्हणू नये. पाण्यासाठी मंजूर झालेला पैसा कुठे गेला, हे पालिकेला विचारायचे आहे, आणि तितक्याच जोराने.

तेव्हा पुढच्या वेळी मुलगा किंवा मुलगी अशी बातमी घेऊन आली, तर “बकवास आहे” म्हणून फोन बाजूला ठेवायला लावू नका. एकत्र बसून विचारा : हे कोण सांगतंय? नेमकं काय दिसलं? जीवाशिवाय ते होऊ शकतं का? दुसऱ्या कोणी तपासलं का? आणि नारळीकरांचे ‘आकाशाशी जडले नाते’ हे पुस्तक वाचनालयात मिळाले, तर घरी आणून ठेवा.